देव लिहितो, विंचेस्टर भोगतात

रहस्य सुरुवातीलाच फोडतो, म्हणजे नंतर तक्रार नको. ‘सुपरनॅचरल’ या अमेरिकी मालिकेतला सगळ्यात मोठा खलनायक खुद्द देव आहे. सैतान त्याचा मुलगा. तोही मालिकेत आहे, पण बापापुढे किरकोळ. हा देव मळकट गाऊन घालून घरात बसतो, दारू ढोसतो, कादंबऱ्या लिहितो आणि दोन सख्ख्या भावांना पुन्हा पुन्हा मरायला लावतो. का? तर बघायला मजा येते म्हणून.

मालिकेची कुंडली अशी: पहिला भाग १३ सप्टेंबर २००५, शेवटचा १९ नोव्हेंबर २०२०. पर्वं १५, भाग ३२७. थोरला डीन विंचेस्टर म्हणजे जेन्सन अ‍ॅकल्स, धाकटा सॅम म्हणजे जॅरेड पॅडलेकी. काळ्या गाडीतून अमेरिकाभर हिंडायचं, भुतं-पिशाच्चं मारायची, स्वस्त मोटेलात झोपायचं आणि खोट्या क्रेडिट कार्डावर जेवायचं. पाचव्या पर्वात प्रकरण थेट जगाच्या अंतापर्यंत पोचलं. दहा पर्वं अजून बाकी होती, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. अंतानंतर दाखवायचं काय? लेखकांनी शेवटी देवालाच मैदानात ओढलं.

आधी नावाची भानगड

मालिकेचा जनक एरिक क्रिप्की. त्याच्या डोक्यात आधी भाऊबिऊ नव्हतेच. एका भडक साप्ताहिकाचा बातमीदार, तो गावोगाव फिरून भुताखेतांच्या गोष्टी गोळा करतो, असा बेत होता. वाहिनीला तो रुचला नाही आणि दोन भाऊ जन्माला आले. सॅल आणि डीन ही नावं जॅक केरुअ‍ॅकच्या ‘ऑन द रोड’ कादंबरीतली. सॅलचा पुढे सॅम झाला. आडनाव हॅरिसन ठरलं होतं, हॅरिसन फोर्डवरच्या प्रेमापोटी. पण कॅन्ससमध्ये खरोखरचा एक सॅम हॅरिसन राहतो असं निघालं, म्हणून तेही गेलं.

मग क्रिप्कीला कॅलिफोर्नियातला विंचेस्टर वाडा आठवला. बंदुकांच्या कारखान्याची वारस असलेल्या सारा विंचेस्टर या विधवेने वर्षानुवर्षं वाढवत नेलेलं हे घर. काही जिने कुठेच पोचत नाहीत, काही दरवाजे उघडले की समोर भिंत. विंचेस्टर बंदुकीने मेलेल्यांची भुतं बाईच्या मागे लागली होती, अशी दंतकथा. भुतांच्या शिकाऱ्यांना याहून चपखल आडनाव सापडणं कठीण.

भूमिकांचीही अदलाबदल झाली. अ‍ॅकल्सने आधी वाचून दाखवलं होतं सॅमचं काम. पॅडलेकी आला, सॅम त्याला गेला आणि अ‍ॅकल्सच्या वाट्याला डीन आला. गंमत म्हणजे ‘गिलमोर गर्ल्स’ या आधीच्या मालिकेत पॅडलेकीच्या पात्राचं नावच डीन होतं.

डिकीत मढं मावलं पाहिजे

क्रिप्कीला १९६५ची मस्टँग हवी होती. शेजारी गाड्यांच्या कामातला जाणकार. तो म्हणाला, छे, १९६७ची इम्पालाच घे, डिकीत माणूस आडवा झोपवता येतो. गाडीचा पहिला नंबर ‘केएझेड २वाय५’. उच्चारून बघितला तर त्यात ‘कॅन्सस’ आणि ‘२००५’ दोन्ही लपलेले दिसतात.

सहावा महिना

मालिका उभी आहे ती एका रात्रीवर: २ नोव्हेंबर १९८३, कॅन्ससमधलं लॉरेन्स गाव. सॅम त्या दिवशी बरोबर सहा महिन्यांचा. पिवळ्या डोळ्यांचा राक्षस, नाव अझाझेल, पाळण्यापाशी येतो आणि बाळाच्या तोंडात स्वतःच्या रक्ताचे थेंब सोडतो. आई मेरी मध्ये येते आणि छताला चिकटून जळते. पुढची सगळी मालिका या पाळण्यातून निघते.

आपल्याकडे सहाव्या रात्री सटवाई येते, कपाळावर लिहून जाते. तिच्यासाठी पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची रीत आहे. अझाझेल म्हणजे वाट चुकलेली सटवाईच, सहाव्या रात्रीऐवजी सहाव्या महिन्यात उगवलेली. फरक एवढाच की सटवाई कोणाशी करार करत नाही. इथे करार झाला होता. १९७३मध्ये मेरीने आपला प्रियकर जॉन याचा जीव वाचवण्यासाठी दहा वर्षांनी राक्षसाला घरात येऊ द्यायचं कबूल केलं होतं. ‘घरात येऊ दे, बाकी काही नको’ असल्या अटीवर सही करण्याआधी माणसाने चार प्रश्न विचारावेत, पण प्रियकर मांडीवर मरून पडलेला असताना विचारतो कोण?

याच्याही मागे आणखी एक लेखणी आहे. पाचव्या पर्वात भावांना मदन भेटतो. तोच तो, प्रेमाचे बाण मारणारा. इथे मात्र लठ्ठ, उघडाबंब आणि दिसेल त्याला मिठी मारणारा. तो सहज बोलून जातो की तुमच्या आईवडिलांची जोडी स्वर्गातून हुकूम आला म्हणून आम्ही जुळवली. दोन घराणी एकत्र यायलाच हवी होती, कारण सॅमने सैतानाचं शरीर व्हायचं आणि डीनने देवदूत मायकेलचं, मग दोघांनी एकमेकांना मारायचं, असं आधीच ठरलेलं. म्हणजे पोरं जन्माला येण्याआधी त्यांच्या मारामारीची तारीख निघाली होती.

चौरस्त्यावर जीव गहाण

या मालिकेत आत्मा विकायचा असेल तर चौरस्त्याच्या मधोमध खड्डा करायचा. एका डबीत स्वतःचा फोटो, स्मशानातली माती आणि काळ्या मांजराचं हाड घालून ती पुरायची. राक्षसीण हजर. मुदत दहा वर्षं, आणि व्यवहार पक्का करायला सही-अंगठा नाही, चुंबन. ही कल्पना लेखकांनी हवेतून काढलेली नाही. ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनने मिसिसिपीतल्या चौरस्त्यावर सैतानाला आत्मा देऊन गिटारची कला मिळवली, ही तिकडची जुनी लोककथा. जॉन्सन खरा, १९३८ साली, सत्ताविसाव्या वर्षी गेला. दुसऱ्या पर्वात तो पात्र म्हणून येतोही.

विंचेस्टर कुटुंबात हा सौदा घराण्याचा रोगच म्हणावा. आईने नवऱ्यासाठी केला. बापाने डीनसाठी स्वतःचा जीव दिला. डीनने सॅमसाठी दिला, आणि त्याला दहा वर्षंही मिळाली नाहीत, एकच मिळालं. घासाघीस अजिबात जमत नाही या माणसांना. मग डीन नरकात. पृथ्वीवर चार महिने गेले, तिथे चाळीस वर्षं. त्यातली तीस त्याने रोज यातना सोसल्या आणि उरलेली दहा दुसऱ्यांना दिल्या. मालिकेतल्या हजार राक्षसांपेक्षा ही शेवटची कबुली जास्त अंगावर येते, आणि अ‍ॅकल्सने ती गाडीला टेकून, नजर चुकवत, साध्या आवाजात दिली आहे. ज्यांना हा नट फक्त देखणा वाटतो त्यांनी तो प्रसंग पाहावा.

उलट टोकाचा भाग म्हणजे ‘मिस्ट्री स्पॉट’, १४ फेब्रुवारी २००८. तोच मंगळवार पुन्हा पुन्हा उगवतो आणि डीन शंभराहून जास्त वेळा मरतो. कधी न्हाणीघरात पाय घसरून, कधी घशात सॉसेज अडकून, कधी दाढीच्या मशिनचा शॉक लागून. हे घडवणाऱ्याला सॅमला शिकवायचं असतं एवढंच की भावाचा मृत्यू त्याच्या हातात नाही. सॅम शिकत नाही. शिकला असता तर मालिका तिसऱ्या पर्वातच आटोपली असती.

संपाने आणलेला देवदूत

२००७-०८ मध्ये हॉलिवुडच्या लेखकांनी संप केला आणि तिसरं पर्व २२ ऐवजी १६ भागांत गुंडाळावं लागलं. मूळ बेतात सॅम आपल्या राक्षसी शक्ती वापरून डीनला नरकात जाण्यापासून वाचवणार होता. तेवढी जागाच उरली नाही, म्हणून डीन गेला नरकात. आता गेलाच आहे तर बाहेर काढणार कोण? १८ सप्टेंबर २००८ रोजी, चौथ्या पर्वाच्या पहिल्या भागात, कोठाराचं दार फोडून कॅस्टिएल आत आला. डीनच्या खांद्यावर त्याच्या पंजाचा डाग.

मीशा कॉलिन्सला निवडचाचणीत राक्षसाचे संवाद दिले होते. देवदूत येणार हे गुपित ठेवायचं होतं. त्याचा चुरगळलेला लांब कोट ‘हेलब्लेझर’ कॉमिक्समधल्या जॉन कॉन्स्टंटाइनवरून घेतला. मोजक्या भागांसाठी बोलावलेला हा पाहुणा बारा वर्षं घरातला झाला. लेखकांनी मोबदल्यासाठी काम थांबवलं नसतं तर मालिकेतला सगळ्यात लाडका देवदूत कदाचित जन्मालाच आला नसता.

गाऊनमधला प्रेषित

आता मुख्य पाहुणा. २ एप्रिल २००९ला दाखवलेल्या भागात भावांना कॉमिक्सच्या दुकानात स्वस्त कादंबऱ्यांची एक मालिका सापडते. नाव ‘सुपरनॅचरल’. त्यात त्यांचंच आयुष्य, शब्द न् शब्द. लेखक कार्व्हर एडलंड. हे टोपणनाव मालिकेच्या दोन खऱ्या लेखकांचं, जेरेमी कार्व्हर आणि बेन एडलंड यांचं, मिळून बनवलेलं. त्यामागचा खरा माणूस चक शर्ली: दाढी वाढलेली, गाऊन, रिकाम्या बाटल्या. भाग लहान मुलांच्या एका पुस्तकाचं नाव उसनं घेतो. ‘सेसमी स्ट्रीट’मधला निळा बाहुला ग्रोव्हर पान उलटायला घाबरतो, कारण शेवटी राक्षस आहे, आणि शेवटी निघतो तो स्वतःच. म्हणजे चक कोण ते शीर्षकानेच सांगून टाकलं होतं. पकडलं मात्र थोड्यांनीच.

आपण लिहिलं ते खरंच कोणीतरी भोगलं हे कळल्यावर चक हादरतो. म्हणतो, मग मी देवच असणार, आणि तोही क्रूर, लहरी. मग एकदम वेगळ्याच गोष्टीची माफी मागतो: किड्यांच्या भागाची आणि भुताच्या जहाजाच्या भागाची. हे दोन्ही मालिकेतले खरोखरचे पडेल भाग, पहिल्या आणि तिसऱ्या पर्वातले. भयानक प्रसंग भोगायला लावणं एक वेळ ठीक, पण वाईट लेखन भोगायला लावलं, याची त्याला जास्त लाज वाटते. आपली पडेल कथा पात्राच्या तोंडून अशी उघड कबूल करणारी मालिका मला दुसरी आठवत नाही. आमच्याकडे हा रिवाज सुरू झाला तर रोज रात्री आठ ते दहा नुसत्या माफ्याच ऐकाव्या लागतील.

पुढच्याच पर्वात डीन पाच वर्षं पुढच्या काळात जातो. विषाणूने उजाड झालेलं जग, छावणीत उरलेली मूठभर माणसं, आणि चक त्यांचा कोठीवाला. परत निघालेल्या डीनला तो कळकळीने सांगतो: टॉयलेट पेपर साठवून ठेव, सोन्यासारखा. भाग २००९चा. २०२०च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या दुकानांची फडताळं रिकामी झाली तेव्हा चाहत्यांना हा संवाद आठवल्याशिवाय राहिला नाही.

गणपती, मुक्काम इंडियाना

२२ एप्रिल २०१०चा भाग आपल्याकडे गणेशोत्सवात दाखवू नये. जगभरचे जुने देव इंडियाना राज्यातल्या मन्सी गावच्या एका हॉटेलात बैठकीला जमतात: ओडिन, बाल्डर, मर्क्युरी, बॅरन समेदी, काली आणि गणपती. ख्रिस्ती जगाचा अंत आमच्यावर का लादता, हा त्यांचा मुद्दा, आणि मुद्दा रास्त आहे. डीनला दार किलकिलं असलेल्या खोलीत अख्खा हत्ती दिसतो. सॅमला दाखवायला वळतो तर तिथे टॉवेल गुंडाळलेला एक जाडा गृहस्थ. इथवर हसू येतं.

पुढे सैतान येतो आणि एकेकाला उडवतो, त्यात गणपतीही. मालिकेने सगळ्याच जुन्या देवांना नरभक्षक आणि दुबळं दाखवलंय, आणि हा माझ्या मते तिचा सगळ्यात आळशी भाग. कोट्यवधी लोक आजही ज्याची रोज पूजा करतात त्याला केव्हाच विस्मरणात गेलेल्या ओडिनशेजारी बसवून मारायचं, यात धाडसापेक्षा अज्ञान जास्त दिसतं. काली मात्र सैतानासमोर उभी राहते आणि जिवंत सुटते. भूमिका रेखा शर्मा या कॅनडाच्या अभिनेत्रीची. लेखकांचा हात तिच्यावर चालला नाही, याचं श्रेय बाईंच्या रुबाबाला.

नियतीचा चष्मा

ग्रीक पुराणातल्या तीन नियतींपैकी धागा तोडणारी अ‍ॅट्रोपॉस सहाव्या पर्वात येते ती ग्रंथपाल बाईसारखी, चष्मा लावून, हातात वही घेऊन. तिचा संताप समजण्यासारखा आहे: बाल्थझार नावाच्या देवदूताने भूतकाळात जाऊन टायटॅनिक बुडूच दिलं नाही. कारण विचारलं तर म्हणतो, तो सिनेमा आणि त्यातलं सेलीन डिऑनचं गाणं मला सहन होत नाही. भागाचं शीर्षक अर्थात तेच गाणं. खरं कारण वेगळंच निघतं: बुडाले नाहीत त्यांचे वंश वाढले आणि पन्नास हजार नवे आत्मे तयार झाले. स्वर्गातल्या यादवीत आत्मा म्हणजे दारूगोळा.

चित्रगुप्ताचीही सोय आहे. तेराव्या पर्वात मृत्यूची गादी बिली नावाच्या बाईकडे जाते. तिच्या वाचनालयात एकट्या डीनच्या नावाने कपाटभर वह्या, कारण तो किती तऱ्हांनी मरू शकतो त्याची प्रत्येकी वेगळी नोंद. तिच्या आधीचा मृत्यू जास्त प्रेमळ होता. शिकागोत बसून पिझ्झा खायचा आणि शांतपणे सांगायचा की एक दिवस मी देवालाही न्यायला येणार.

राखदाणीतला सैनिक

पाचव्या पर्वाचा शेवट, ‘स्वान साँग’, १३ मे २०१०. क्रिप्कीने पाच वर्षांची गोष्ट मनात धरली होती, ती इथे संपते. निवेदक चक. सुरुवात करतो गाडीच्या कारखान्यापासून: २१ एप्रिल १९६७ रोजी विस्कॉन्सिनमधल्या जेन्सव्हिलला जनरल मोटर्सची दहा कोटीवी गाडी बाहेर पडली. ही घटना खरी आहे. चक म्हणतो, जगाला ती गाडी महत्त्वाची वाटली. खरी महत्त्वाची गाडी तीन दिवसांनी आली. ती म्हणजे ही इम्पाला.

सॅमच्या अंगात सैतान शिरलेला आहे. स्टल गावच्या स्मशानात तो डीनला मरेस्तोवर बडवतोय. हे गाव लॉरेन्सपासून जवळच आहे आणि तिथल्या स्मशानात नरकाचं दार असल्याची आवई जुनीच. गाडीच्या काचेवरून ऊन परततं आणि सॅमची नजर आत जाते. लहानपणी राखदाणीत कोंबलेला प्लॅस्टिकचा हिरवा सैनिक अजून तिथेच आहे. तेवढ्यावर तो सैतानाला आतून दाबतो आणि त्याच्यासकट खड्ड्यात उडी घेतो. जग वाचतं ते मंत्राने नाही, तलवारीने नाही. दोन पोरांनी खराब केलेल्या गाडीने वाचतं. चक टाइप करणं थांबवतो, समाधानाने हसतो आणि हवेत विरतो. तो देवच, हे जवळजवळ सगळ्यांनी तेव्हा ओळखलं. मालिकेने अधिकृत कबुली द्यायला आणखी सहा वर्षं घेतली.

कबुलीचा भाग

४ मे २०१६, भाग ‘डोन्ट कॉल मी शर्ली’. चक आपलं आत्मचरित्र लिहितोय आणि ते तपासायला त्याने आपला जुना लेखनिक मेटाट्रॉन याला बोलावलंय. लेखनिक तोंडावर सांगतो की हस्तलिखित पोकळ आहे, यात तुम्ही कुठेच नाही. संपादकाने देवाला नकार कळवण्याचा प्रसंग इतका छान दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

शेवटी चक गिटार घेऊन गातो. चकची भूमिका करणाऱ्या रॉब बेनेडिक्टला २०१३मध्ये टोरंटोच्या चाहता-मेळाव्यात पक्षाघाताचा झटका आला होता, आणि त्याचं बोलणं अडखळत होतं हे सहकलाकारांच्या वेळीच लक्षात आलं. हे माहीत असलं की ते गाणं वेगळं ऐकू येतं.

मोरियाचा डोंगर

२५ एप्रिल २०१९, चौदाव्या पर्वाचा शेवट. शीर्षक ‘मोरिया’. बायबलात अब्राहमने देवाच्या सांगण्यावरून मुलगा इसहाक याचा बळी द्यायला नेलं तो हा डोंगर. इथला इसहाक म्हणजे जॅक. सैतानाचा मुलगा, पण विंचेस्टरांनी पोटच्या पोरासारखा वाढवलेला. मधल्या काळात पुन्हा जिवंत झालेली डीनची आई त्याच्या हातून मेलेली. चक डीनला एक पिस्तूल देतो, ज्याची गोळी मारणारा आणि मरणारा दोघांनाही लागते. जॅक गुडघे टेकतो. डीन नेम धरतो आणि पिस्तूल फेकून देतो.

बायबलातला देव इथे थांबवतो, मेंढा पाठवतो. हा देव चिडतो. एवढा सुंदर प्रसंग लिहिला होता आणि नट संवाद म्हणेना! चुटकी वाजवून तो जॅकला स्वतःच मारतो आणि गोष्ट संपल्याचं जाहीर करतो. त्याला दुसरीही असंख्य विश्वं आहेत, पण हे दोघे भाऊ म्हणजे त्याची सगळ्यात आवडती सिरीयल. इतकी वर्षं प्रत्येक पर्वात कोणीतरी कोणासाठी मरत होतं. ते प्रेम होतं की पटकथा, हा प्रश्न इथे पहिल्यांदा नीट विचारला जातो. आणि सॅम उत्तर देतो ते देवाला गोळी घालून.

नायकगिरी जप्त

पंधराव्या पर्वातली सगळ्यात खुमासदार कल्पना: चक भावांकडून नायकपण काढून घेतो. लगेच क्रेडिट कार्ड चालेना, गाडी बंद, सॅमला सर्दी, डीनच्या दाढा किडलेल्या, चीज पचत नाही. चौदा पर्वं तिन्हीत्रिकाळ बर्गर खाऊन पोट का बिघडलं नाही, त्याचं उत्तर मिळालं. मग गेलेलं नशीब परत मिळवायला दोघे फॉर्च्युना देवीच्या पूल हॉलमध्ये डाव लावायला जातात.

याच पर्वात चक आपली जुनी चाहती बेकी हिच्या घरी जाऊन शेवट वाचायला देतो. ती म्हणते, फार काळोखी आहे. तो चुटकी वाजवून तिच्या नवऱ्याला-मुलांना नाहीसं करतो, मग तिलाही. तो भाग अ‍ॅकल्सने दिग्दर्शित केलाय.

देव निवृत्त

उपान्त्य भागात (१२ नोव्हेंबर २०२०) चकने पृथ्वीवरचे सगळे जीव पुसून टाकले आहेत. उरलेत दोघे भाऊ आणि परतलेला जॅक. डीनला एक कुत्रा सापडतो, तो हरखतो. चक लांबून तोही नाहीसा करतो. याहून कमी शब्दांत खलनायक रंगवता येणार नाही.

शेवटी तलावाकाठी तो दोघांना तुडवत राहतो, ते उठत राहतात, आणि उधळलेली त्याची सगळी ताकद जॅक गुपचूप शोषून घेतो. देव साधा माणूस होऊन चिखलात पडतो. त्याला वाटतं, डीनच्या हातून मरण म्हणजे काय दिमाखदार शेवट! तो त्याला मिळत नाही. म्हातारा हो, आजारी पड, विसरला जा, एवढं सांगून भाऊ गाडीत बसतात. नवा देव जॅक. वय जेमतेम तीन वर्षं, आवडता खाऊ नूगट.

एका रात्रीत तीन बातम्या

उपान्त्य भागाच्या आदल्या आठवड्यात, ५ नोव्हेंबर २०२०, कॅस्टिएल गेला. जॅकला वाचवण्यासाठी त्याने महाशून्याशी करार केला होता: ज्या क्षणी खरा आनंद होईल त्या क्षणी तुला नेऊ. त्याने डीनला वाचवायला मुद्दाम तो क्षण ओढवून घेतला, डीनवर आपलं प्रेम आहे हे सांगून. अमेरिकेत अध्यक्षपदाची मतमोजणी चालू, पुतिन पायउतार होणार ही खोटी आवई उठलेली, आणि समाजमाध्यमांवर दोन्हींच्या बरोबरीने हा देवदूत. लॅटिन अमेरिकेतल्या स्पॅनिश अवतारात तर डीन उत्तरही देतो, माझंही तुझ्यावर, असं. मूळ इंग्रजीत तो गप्पच आहे, आणि त्यावरून चाहत्यांची भांडणं अजून मिटलेली नाहीत.

आणि मग एक सळई

सैतान, मृत्यू, देव सगळ्यांना पुरून उरलेला डीन शेवटच्या भागात ओहायोतल्या एका कोठारात, साध्या व्हॅम्पायरांशी झटापटीत, खांबातल्या लोखंडी सळईवर आदळून मरतो. सॅम म्हातारा होईपर्यंत जगतो, मुलाचं नाव डीन ठेवतो. बरेच चाहते भडकले. महासाथीमुळे मार्च २०२० मध्ये दोन भाग बाकी असताना चित्रीकरण थांबलं, ऑगस्टमध्ये सुरू होऊन १० सप्टेंबरला आटोपलं. विलगीकरणाच्या नियमांत जुन्या पात्रांची स्वर्गातली मोठी भेट गळून पडली.

मला शेवट पटतो. देव पटकथेतून गेल्यावर माणसं अपघातानेच मरणार. चक असता तर डीनला असं कोठारात मरू दिलं नसतं; ज्वाळा, वादळ आणि मागे पार्श्वसंगीत लावलं असतं. तक्रार आहे ती मधल्या पर्वांबद्दल. सात ते दहा या पर्वांत कथा वारंवार त्याच त्याच चौरस्त्यावर परत येते आणि देवाने लिहिलं असल्याची सबब तिथे पुरत नाही.

३२७ भागांना वेळ नसेल तर पहिली पाच पर्वं सलग पाहा, त्यानंतर ‘डोन्ट कॉल मी शर्ली’, ‘मोरिया’ आणि पंधरावं पर्व. किड्यांचा भाग बिनदिक्कत वगळा.